पहिल्या फ्लॅटचं बरोबर, बाकी तेवीस गडबडले! (एक्सेलमध्ये फॉर्म्युला खाली ओढताना)

गच्चीवरची_कुंडी · शनिवार, रात्री १०.२०

मंडळी, मदत हवी आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, पण नंतर उत्तर द्या.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत जुन्या खजिनदारकाकांनी "आता डोळे साथ देत नाहीत" म्हणत रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि सगळे एकदम आपापल्या मोबाइलमध्ये शिरले. मी नेमकी तेव्हा चहाचे कप गोळा करत उभी होते. उभी दिसले म्हणून खजिनदार झाले.

चोवीस फ्लॅट आहेत. काका दर महिन्याला निळ्या शाईने, कॅल्क्युलेटर घेऊन, प्रत्येकाचा हिशेब लिहायचे. मी म्हटलं, आपण जरा आधुनिक होऊ. लेकाने लॅपटॉपवर एक्सेल उघडून दिलं, "आई, काही नाही गं, एकदा फॉर्म्युला टाक आणि खाली ओढ" म्हणाला आणि हॉस्टेलला निघून गेला.

मांडणी अशी. (कॉलमची अक्षरं आणि आकडे इथे मराठीत लिहितेय, शीटमध्ये इंग्रजीतच आहेत.) वरच्या तीन-चार ओळींत दर वगैरे लिहिलेत, त्यातला पाण्याचा दर बी१ मध्ये आहे: एका नळाला महिन्याचे ८५ रुपये. पाचव्या ओळीपासून अठ्ठाविसाव्या ओळीपर्यंत चोवीस फ्लॅट. ए मध्ये फ्लॅट नंबर, बी मध्ये नाव, सी मध्ये सेवा शुल्क, डी मध्ये नळांची संख्या, ई मध्ये पाण्याचे पैसे, एफ पार्किंग, जी मागची बाकी, एच बाकीवरचं व्याज, आय एकूण.

ई५ मध्ये लिहिलं: =डी५*बी१. एंटर मारलं. ४२५ आले. पाच नळ, पंच्याऐंशी रुपये, बरोब्बर! अंगावर मूठभर मांस चढलं. मग ओढलं खाली. दुसऱ्या फ्लॅटला आले ०.७२. तिसऱ्याला ०. चौथ्यापासून थेट खालपर्यंत #व्हॅल्यू!, #व्हॅल्यू!, #व्हॅल्यू!

चार नळांचं महिन्याचं पाणी बहात्तर पैशात. त्या फ्लॅटवाल्यांना कळलं तर मला तहहयात खजिनदार ठेवतील. सध्या प्रत्येक ओळीत जाऊन हाताने ८५ ने गुणतेय. हे असंच करायचं असेल तर काकांचं रजिस्टर काय वाईट होतं?

---

अर्धाचहा · रात्री १०.३१

टॅली घ्या. विषय संपला.

---

गच्चीवरची_कुंडी · रात्री १०.३४

चोवीस फ्लॅटला टॅली? आमच्याकडे वॉचमनच्या बॅटरीचे सेल घ्यायचे तरी ठराव लागतो.

---

कारकूनबाई · रात्री ११.०५

कुंडीताई, तुमची शीट न बघता सांगते. तुमच्या बी२ मध्ये १८ टक्के असं काहीतरी लिहिलंय, बहुतेक थकबाकीच्या व्याजाचा दर. बी३ रिकामा आहे. बी४ मध्ये "सभासदाचे नाव" असं शीर्षक आहे. बरोबर?

०.७२ ला चार नळांनी भागलं की ०.१८ येतात, म्हणून म्हणतेय.

झालंय काय ते नीट बघा. तुम्ही ई५ मध्ये "डी५ गुणिले बी१" लिहिलंत. शीटने ते डोक्यात ठेवलं ते वेगळ्या भाषेत: "माझ्या लगेच डावीकडचं घर, गुणिले, तीन घरं डावीकडे आणि चार ओळी वर गेल्यावर जे घर लागेल ते." पोस्टासमोर उभं राहून कुणी सांगितलं की "इथून चार घरं मागे जा, किराण्याचं दुकान आहे", तर पोस्टापाशी ते खरं असतं. एक घर पुढे सरकून तीच चार घरं मागे मोजलीत तर किराण्याच्या शेजारच्या घरात शिराल. तुमचा फॉर्म्युला नेमका तसाच शेजाऱ्यांकडे शिरत गेलाय. ई६ मध्ये तो झाला =डी६*बी२, म्हणजे चार नळ गुणिले १८ टक्के. ई७ मध्ये =डी७*बी३, रिकामं घर, म्हणून शून्य. ई८ मध्ये =डी८*बी४, म्हणजे नळांना "सभासदाचे नाव" या शब्दांनी गुणलं. ई९ पासून पुढे तर तुम्ही प्रत्येकाचे नळ पहिल्या फ्लॅटपासूनच्या माणसांच्या नावांनी गुणताय. शीट बिचारी काय करणार, #व्हॅल्यू! म्हणून ओरडतेय.

डी चं सरकणं तुम्हाला हवंच आहे, कारण प्रत्येकाचे नळ वेगळे. बी१ चं सरकणं नको आहे. म्हणून त्याला खुंट्याला बांधायचं:

=डी५*$बी$१

अक्षराच्या आधीचा डॉलर कॉलमला बांधतो, आकड्याच्या आधीचा ओळीला. हाताने डॉलर टाइप करायची गरज नाही. फॉर्म्युला लिहिताना बी१ वर क्लिक केलंत की लगेच एफ४ ही कळ दाबा, दोन्ही डॉलर आपोआप येतात. परत परत दाबत राहिलात तर फक्त ओळीला, फक्त कॉलमला, आणि मग कशालाच नाही, असं फिरत राहतं. तुम्हाला पहिलाच प्रकार हवाय.

आता ई५ दुरुस्त करा आणि पुन्हा ओढा.

---

गच्चीवरची_कुंडी · रात्री ११.१२

बी२ मध्ये व्याजच आहे!! १८ टक्के!! तुम्ही माझ्या खिडकीत उभ्या आहात का?

पण एफ४ दाबलं की माझ्या लॅपटॉपचा आवाज बंद होतोय.

---

निवांत_नारायण · रात्री ११.१५

डाव्या कोपऱ्यात खाली एफएन अशी कळ असेल. ती दाबून धरा आणि मग एफ४. मॅकवाल्यांनी कमांड आणि टी.

---

गच्चीवरची_कुंडी · रात्री ११.२६

आलं!! ४२५, ३४०, ४२५, ३४०… खालपर्यंत. सगळ्यांची बेरीज ९,१८०. कारकूनबाई, तुम्हाला साष्टांग दंडवत. उद्या सकाळी व्याजाचा कॉलम करते.

---

आडवातिडवा · रविवार, सकाळी ८.०२

एक भाबडा प्रश्न. डॉलरच का? रुपयाच्या चिन्हाने बांधलं असतं तर काय बिघडलं असतं?

---

खतावणी · सकाळी ९.४०

आडवातिडवा, तुमचा प्रश्न थट्टेचा असला तरी त्याला इतिहास आहे. मी बँकेतून निवृत्त झालो, हिरव्या अक्षरांच्या पडद्यापासून ही भानगड बघतोय.

पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट म्हणजे १९७९ चं व्हिजिकॅल्क, ॲपल टू या संगणकावरचं. डॅन ब्रिकलिन हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना त्यांना ही कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टन यांनी प्रोग्रॅम लिहिला. त्यात आजच्यासारखा डॉलर नव्हता. फॉर्म्युल्याची नक्कल करायला लागलात की ते प्रत्येक पत्त्यापाशी थांबून विचारायचं: हा तसाच ठेवू की बरोबर सरकवू? म्हणजे कुंडीताईंचा घोटाळा त्या काळी झाला नसता, पण चोवीस फ्लॅटांआधी प्रश्नोत्तरांचा तास भरला असता. पुढे १९८३ साली लोटस १-२-३ आलं. आम्ही बँकेत त्यावरच हात बसवला. त्यात तुम्हीच आधी डॉलर लावून सांगून ठेवायचं, नक्कल करताना विचारणं नाही. एक्सेलमध्येही तेच चाललं. रुपयाचं चिन्ह तर २०१० साली ठरलं, तोवर गाडी कधीच निघून गेली होती.

---

आडवातिडवा · सकाळी ९.४७

वा! प्रश्न फुकट गेला नाही म्हणायचा.

---

कारकूनबाई · सकाळी १०.१०

सकाळची कामं उरकली, म्हणून राहिलेलं लिहिते. मी शाळेच्या ऑफिसात दिवसभर हेच करते. पगारपत्रकं, पोषण आहाराचा तांदूळ, फी. नवीन माणूस हमखास अडतो त्या जागा मला पाठ झाल्यात.

पहिली जागा: फॉर्म्युला लिहून झाला की एंटरच मारायचं. माउसने दुसरीकडे क्लिक करून "बाहेर पडायला" जाऊ नका. फॉर्म्युला उघडा असताना जिथे क्लिक कराल त्या सेलचा, म्हणजे घराचा, पत्ता आत घुसतो. आमच्या एका सरांचा फॉर्म्युला असाच क्लिक करत करत रेल्वेच्या मालगाडीएवढा झाला होता. अडकलात तर एस्केप दाबा आणि सुटा.

दुसरी: पत्ते टाइप करू नका, सेलवर क्लिक करून घ्या. चुकीची ओळ लिहिली जात नाही. गुणाकाराला फुली नाही, चांदणी. भागाकाराला तिरपी रेघ. आणि सुरुवातीला बरोबरचं चिन्ह नसेल तर शीट तुमचा फॉर्म्युला निबंधासारखा जसाच्या तसा दाखवते. चिन्ह असूनही तसंच दिसत असेल तर तो सेल "टेक्स्ट" म्हणून ठरवलेला असतो. होम टॅबवर जाऊन "जनरल" करा, मग सेलमध्ये शिरून पुन्हा एंटर मारा. नुसतं जनरल करून काही होत नाही, एंटर मारावाच लागतो. यावर माझी एक अख्खी दुपार गेलेली आहे.

तिसरी, खाली ओढणं. सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक चौकोन असतो, त्यावर नेलं की बाण जाऊन काळी बारीक अधिक खूण येते. तीच धरायची. जाड पांढरी अधिक खूण असताना ओढलंत तर नुसते सेल निवडले जातात. चोवीस ओळी असतील तर ओढायचीही गरज नाही, काळ्या खुणेवर दोनदा टिचकी मारा, शेजारचा कॉलम जिथवर भरलेला आहे तिथवर फॉर्म्युला स्वतःच जातो. शेजारी मध्येच रिकामा सेल असेल तर अर्ध्यात थांबू शकतो, तेवढं खाली जाऊन बघा. लॅपटॉपच्या टचपॅडवर ओढणं म्हणजे सुईत दोरा, त्यांनी वरचा सेल धरून खालपर्यंत निवडावं आणि कंट्रोल-डी.

आणि शेवटचं. शंका आली की सेलवर जाऊन एफ२ दाबा. फॉर्म्युल्यातले पत्ते रंगीत होतात आणि त्या त्या सेलभोवती त्याच रंगाची चौकट येते. काल रात्री हे केलं असतंत तर रंगीत चौकट कुणाच्या तरी नावावर बसलेली दिसली असती.

---

निवांत_नारायण · सकाळी १०.३२

कारकूनबाईंना +१. एक भर. कॉपी आणि कट यात फरक आहे. कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं तर पत्ते सरकतात. कट करून चिकटवलं तर सरकत नाहीत, फॉर्म्युला आपल्या जुन्याच सेलांकडे बघत राहतो. बिऱ्हाड हलवलं तरी जुनाच दूधवाला ठेवावा तसं.

आणि फॉर्म्युला नको, नुसतं उत्तर हवं असेल तर चिकटवताना पेस्ट स्पेशलमधून "व्हॅल्यूज" निवडा. बिलं ग्रुपवर टाकायची असतील तेव्हा वेगळ्या शीटवर असंच करा. नाहीतर कुणीतरी दर बदलून गंमत बघत बसतं.

---

ऱ्हाइनकाठचा · दुपारी १.५०

इकडे ऑफिसात माझं एक्सेल जर्मन आहे. बेरजेच्या "सम" ला "झुमे" लिहावं लागतं आणि आकडा पूर्ण करणाऱ्या "राउंड" ला "रुंडन". पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मुंडन वाटलं होतं. शिवाय दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम चालत नाही, अर्धविराम लागतो, कारण स्वल्पविराम इकडे दशांशचिन्ह. भारतातून आलेल्या मित्राचा फॉर्म्युला ईमेलमधून मजकूर म्हणून उचलून चिकटवला की हमखास नन्नाचा पाढा. फाइलच उघडली तर मात्र सगळं आपोआप जर्मन होतं.

इतर देशांत असलेल्यांनी हे लक्षात असू द्या.

---

भेंडीगवार · दुपारी २.१५

मग मराठीत =बेरीज() का नाही?

---

अर्धाचहा · दुपारी २.१८

कारण मग त्यावर शुद्धलेखनाचा वेगळा धागा निघेल. बेरिज की बेरीज.

---

गच्चीवरची_कुंडी · रविवार, रात्री ९.०५

मंडळी, मी परत आले. वाईट बातमी आहे.

व्याजाचं केलं: =जी५*$बी$२/१२. डॉलर लावले, कॉलर ताठ. मग एकूण. आय५ मध्ये =सम(सी५:एच५) आणि दोनदा टिचकी. सगळे आकडे आले, लाल-हिरवं काही नाही, कुठे ओरडा नाही. मी खूश.

मग काकांकडे जाऊन, यादीवरूनच पण त्यांच्या पद्धतीने, कॅल्क्युलेटरवर, याच महिन्याची एकूण बेरीज काढून आणली. शीट १,९९२ रुपयांनी कमी दाखवतेय. सेवा शुल्क सगळ्यांना सारखं आहे, ते तपासलं. पाणी ९,१८० बरोबर. तीन थकबाकीदार आहेत, त्यांचं व्याज बरोबर. मग हे दोन हजार कुठे गेले?

---

अर्धाचहा · रात्री ९.१४

पार्किंगचा कॉलम बघा. सगळे आकडे उजवीकडे चिकटलेत, की काही डावीकडे?

---

गच्चीवरची_कुंडी · रात्री ९.२०

पहिले सात डावीकडे आहेत. मला वाटलं मी काहीतरी सजावट केली असेल.

अरे देवा. पहिल्या सातांत मी पावतीपुस्तकात लिहितात तसं "३००/-" लिहिलंय. नंतर कंटाळा आला म्हणून नुसतं ३००.

---

अर्धाचहा · रात्री ९.२६

तेच. "/-" लागलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. "रु. ३००" लिहिलं तरी तेच. आकडे उजवीकडे जाऊन बसतात, मजकूर डावीकडे. मुद्दाम मधोमध वगैरे केलं नसेल तर ही खूण फसत नाही. आणि सम() चा स्वभाव असा की मजकूर दिसला की तो गुपचूप ओलांडून पुढे जातो, चकार शब्द काढत नाही.

पार्किंगचा कॉलम निवडा, कंट्रोल-एच दाबा, वरच्या खणात /- लिहा, खालचा खण रिकामा ठेवा, "रिप्लेस ऑल". रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर सेलच्या फॉरमॅटमधून लावा, ते नुसतं दिसतं, आकड्याला बाधत नाही.

टॅलीचं माझं मत कायम आहे.

---

कारकूनबाई · रात्री ९.३३

अर्धाचहा, छान पकडलंत. म्हणूनच मी चार-पाच कॉलम असतील तर सम न वापरता अधिकच्या खुणांनी जोडते. "३००/-" मध्ये आलं असतं तर अधिकने तिथल्या तिथे #व्हॅल्यू! म्हणून बोंब मारली असती. बोंब मारणारा फॉर्म्युला मला गप्प बसणाऱ्यापेक्षा परवडतो.

---

निवांत_नारायण · रात्री ९.४१

याच्याशी असहमत. चोवीस ओळींची उभी बेरीज अधिकने कोण लिहिणार? आणि मध्ये नवीन ओळ घातली तर सम ची हद्द आपोआप वाढते, अधिकवाल्याला ती ओळ दिसतच नाही. आडवं अधिकने, उभं सम ने, असं म्हणा हवं तर.

---

कारकूनबाई · रात्री ९.४४

बरं, तसं.

---

गच्चीवरची_कुंडी · रात्री ९.५२

/- काढलं. सात त्रिक एकवीस, २,१०० रुपये परत आले. पण आता शीट काकांपेक्षा १०८ रुपयांनी जास्त! आधी कमी, आता जास्त. मला रडू येईल. कॉलम एकेक करून परत तपासले, सगळे बरोबर आहेत. बेरीज मात्र चुकतेय.

---

भेंडीगवार · रात्री ९.५८

एकूण नळ किती आहेत?

---

गच्चीवरची_कुंडी · रात्री १०.०१

बारा टू-बीएचके, पाच-पाच नळ. बारा वन-बीएचके, चार-चार. साठ अधिक अठ्ठेचाळीस, १०८.

थांबा.

अगं बाई गं. सी पासून एच पर्यंत सम. मध्ये डी आहे. मी रुपयांत नळ मिळवलेत.

---

आडवातिडवा · रात्री १०.०३

भेंडीगवार यांना मानलं! एका ओळीत निकाल.

---

भेंडीगवार · रात्री १०.०६

१०८ आकडा दिसला की मला जपमाळच आठवते. म्हटलं एवढे मणी आले कुठून.

---

कारकूनबाई · रात्री १०.१५

हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं, हद्द तुम्ही वर स्पष्ट लिहिली होतीत.

आय५ मध्ये =सी५+सम(ई५:एच५) करा आणि परत खाली न्या. पुढच्या वर्षी शीट नव्याने कराल तेव्हा मोजायच्या वस्तू, म्हणजे नळ, गाड्या, चौरस फूट, सगळ्या डावीकडे नावाजवळ ठेवा आणि रुपयांचे कॉलम सलग एकमेकांना लागून. रुपयांच्या रांगेत नळ घुसायलाच नको.

यातली गंमत म्हणजे दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. २,१०० वजा १०८, म्हणून १,९९२. एकच चूक असती तर २,१०० हा आकडा बघून तुम्हीच "सात गुणिले तीनशे" म्हणाला असतात.

---

ऱ्हाइनकाठचा · रात्री १०.४०

(इकडे अजून संध्याकाळ आहे.) हद्दीवरून आठवलं. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा २०१० साली देशांच्या कर्जावर आणि वाढीवर एक लेख आला होता, युरोपात काटकसरीच्या बाजूने त्याचे दाखले दिले जायचे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल फाइल मागवून पाहिली. सरासरीचा फॉर्म्युला एकोणपन्नासाव्या ओळीपर्यंत जायच्या ऐवजी चव्वेचाळीसाव्या ओळीलाच थांबला होता. पाच देश गळले होते: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. लेखावर इतरही आक्षेप होते, आणि ते जास्त वजनदार होते, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या या पाच ओळी.

कुंडीताई, तुमची हद्द निदान जास्त होती, कमी नव्हती.

---

निवांत_नारायण · रात्री १०.५२

त्यावर माझा एक उपाय. अठ्ठाविसाव्या ओळीखाली एक रिकामी ओळ ठेवा, तिला करडा रंग द्या आणि खालची बेरीज त्या करड्या ओळीपर्यंत घ्या: =सम(आय५:आय२९). नवीन ओळ नेहमी करड्या ओळीच्या वर घालायची, म्हणजे ती हद्दीच्या आतच पडते. अगदी शेवटच्या फ्लॅटखाली हद्दीबाहेर ओळ घातली तर ती धरली जाईलच असं नाही.

---

गच्चीवरची_कुंडी · सोमवार, दुपारी ३.३०

जुळलं! जवळजवळ. आता फक्त व्याजाच्या कॉलममध्ये एक रुपया खातोय कोणीतरी. तिघांचं व्याज ४९, २४ आणि ३६ दिसतंय. मी मोजलं तर १०९. खाली सम म्हणतोय ११०. आता मात्र हद्द बरोबर आहे, नळ नाहीत, तिरप्या रेघा नाहीत.

---

कारकूनबाई · दुपारी ३.४२

बाकी ३,२५०, १,६३० आणि २,४३० अशी काहीशी आहे का?

---

गच्चीवरची_कुंडी · दुपारी ३.४५

अहो, वर लिहिलेलं नसताना हे कसं कळतं तुम्हाला?? (मग आठवलं, काल निरोपात मीच पाठवली होती शीट.)

---

कारकूनबाई · दुपारी ३.५८

:)

खरं व्याज आहे ४८.७५, २४.४५ आणि ३६.४५. त्यांची बेरीज १०९.६५. तुम्ही पैसे दिसू नयेत म्हणून दशांशस्थळं कमी केलीत. त्याने फक्त दिसणं बदलतं, पोटात पैसे तसेच असतात. बेरीज पोटातल्या आकड्यांची होते आणि मग ती स्वतः ११० अशी दिसते. बिलावर पूर्ण रुपयेच घेणार असाल तर फॉर्म्युल्यातच पूर्ण करा:

=राउंड(जी५*$बी$२/१२,०)

मग ४९, २४, ३६ आणि खाली १०९. सभेत एक रुपयावरून जे भांडण होतं ते हजारावरून होत नाही, हा माझा अनुभव.

---

खतावणी · दुपारी ४.२५

राउंडचं योग्य. पण ताई, एक कारकुनी नव्हे तर हिशेबी शंका. "मागची बाकी" या रकान्यात तुम्ही गेल्या महिन्याचं न भरलेलं एकूण बिल आणताय ना? त्यात गेल्या महिन्याचं व्याजही आहे. म्हणजे या महिन्यात व्याजावर व्याज लागतंय. २०१४ च्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के व्याजाची मुभा होती, पण ते सरळव्याज. तुमचा दर १८ असला तरी व्याजावर व्याज घेता येणार नाही. फॉर्म्युला निर्दोष आहे, आकडे जुळतात, आणि तरीही बिल चूक.

बाकीचे दोन रकाने करा: मुद्दल बाकी आणि व्याज बाकी. व्याज फक्त मुद्दलावर.

---

गच्चीवरची_कुंडी · दुपारी ४.४०

नवीन कॉलम मध्ये घातला तर माझे सगळे डॉलर तुटतील का?

---

कारकूनबाई · दुपारी ४.४७

नाही. ओळ किंवा कॉलम घातला की शीट सगळे पत्ते स्वतः दुरुस्त करते, डॉलरवालेसुद्धा. डॉलर फक्त कॉपी करताना धरून ठेवतो. जी वर उजवी टिचकी मारून "इन्सर्ट" करा, नवा कॉलम जी होईल आणि जुनी बाकी एच मध्ये जाईल. नव्या जी मध्ये व्याज बाकी लिहा, एच मध्ये फक्त मुद्दल राहू द्या. व्याजाचा फॉर्म्युला एच कडेच बघत राहील. एकूणमध्ये नवा कॉलम धरला गेलाय का ते तेवढं एफ२ ने बघा.

---

गच्चीवरची_कुंडी · बुधवार, रात्री ९.१५

बिलं गेली. वाटायच्या आधी छापलेला कागद घेऊन काकांकडे गेले होते. काकांनी चष्मा पुसला, कॅल्क्युलेटर काढला आणि चोवीसच्या चोवीस बिलं तपासली. प्रत्येकापुढे निळ्या शाईने बरोबरची खूण. दीड तास. मी गप्प बसून होते.

३०२ पाशी थांबले. म्हणाले, "यांचे पाच नळ नाहीत. गॅलरीतला बंद करून घेतला त्यांनी, दोन वर्षं झाली. मी चारचेच घ्यायचो, यादीत तेवढं खोडायचं राहिलं."

लॅपटॉप सोबत नेला होता. डी कॉलममध्ये ३०२ समोर पाचाचे चार केले आणि एंटर मारलं. शेजारचे ४२५ चे ३४० झाले, एकूण बदललं, खाली पाण्याची बेरीज ९,१८० ची ९,०९५ झाली. मी कशालाही हात लावला नव्हता.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "परत पाच कर बघू." केले. "आता चार." केले. "आता परत पाच." मग काकूंना हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा चार करायला लावले.

---

भेंडीगवार · रात्री ९.२२

म्हणजे माळेचा एक मणी गेला. १०७.